पंधरा वर्षांची एसयूव्ही : दुरुस्ती की निरोप?

प्रतिनिधी

क्लच, टर्बो आणि इंजेक्टर यांच्या कामाचे मिळून पावणेदोन लाखांचे अंदाजपत्रक मेकॅनिकने हातात ठेवले, की मध्यमवर्गीय घरात वादाला तोंड फुटते. 'एवढ्या पैशांत नव्या गाडीचे डाउन पेमेंट होईल', असे मुले म्हणतात. 'या गाडीने आजवर रस्त्यात कधी दगा दिला नाही', असे वडील बजावतात. २०१० ते २०१२ च्या दरम्यान डिझेल एसयूव्ही घेतलेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. कारण या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली आहे किंवा नुकतीच संपली आहे.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारात काढावीच लागते, हा समज मुळात चुकीचा आहे. तो प्रामुख्याने दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि २०२५ मध्येही हा वाद न्यायालयात गाजला. महाराष्ट्रात खासगी मोटारींवर वयाची अशी सरसकट बंदी नाही. आरटीओच्या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, की नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हा खर्च डोळ्यांत भरणारा असला, तरी केवळ त्यासाठी गाडी विकावी इतका नाही.

फसवा निकष

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असेल तर गाडी काढून टाकावी, असा एक ठोकताळा सांगितला जातो. मात्र गाडी विकल्यानंतर दुसरी घ्यावीच लागणार असेल, तर दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी नव्हे, तर पर्यायी गाडीच्या खर्चाशी व्हायला हवी.

समजा, नव्या गाडीसाठी बारा लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १९,३०० रुपये येतो. म्हणजे पावणेदोन लाखांची दुरुस्ती ही नऊ हप्त्यांइतकी झाली. दुरुस्तीनंतर गाडी दोन वर्षे मोठ्या कामाविना चालली, तरी पारडे दुरुस्तीकडे झुकते. इंधन बचतीचा मुद्दाही तपासून पाहावा. वर्षाला आठ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला ११ वरून १५ किलोमीटर झाले, तर सुमारे १९४ लिटर डिझेल वाचते. लिटरला ९० रुपये धरल्यास वर्षाची बचत साडेसतरा हजार, म्हणजे एका हप्त्याहूनही कमी!

मोठ्या एसयूव्हींवरील एकूण करभार सप्टेंबर २०२५ मध्ये पन्नास टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु राज्याचा एकरकमी वाहन कर आणि नव्या गाडीचा विमा हे खर्च उरतातच.

आकड्यांपलीकडे

तरीही हिशेब येथे संपत नाही. दुरुस्ती कशाची, हा पहिला प्रश्न. क्लचप्लेट, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, इंजेक्टर हे झिजणारे भाग आहेत. ते बदलले की त्या कामाचा शेवट होतो. चॅसीला लागलेला गंज किंवा जागोजागी जोडलेले वायरिंग यांना मात्र अंत नसतो. समुद्रकिनारी वापरलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

दुसरा मुद्दा विम्याचा. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. दोन लाख मूल्याच्या गाडीत कालच पावणेदोन लाख घातले असले, तरी भरपाई त्या दोन लाखांच्याच आधारे ठरते. इंजिनात घातलेल्या पैशाला विम्याचे संरक्षण नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षेचा. नव्या मोटारींना एबीएस आणि चालकाची एअरबॅग २०१९ मध्ये, तर चालकाशेजारील आसनाची एअरबॅग २०२१ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांत यांपैकी काहीच नव्हते. मेकॅनिक इंजिन नवे करून देईल. एअरबॅग बसवून देणार नाही. वृद्ध आईवडील आणि मुलांना घेऊन दर पंधरवड्याला रात्रीचा घाट उतरणाऱ्या कुटुंबाने नऊ हप्त्यांच्या हिशेबापाशी थांबू नये.

निरोपच द्यायचा ठरला, तरी घाई नको. २०२१ च्या भंगार धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के इतके भंगारमूल्य सुचवले आहे. चालती गाडी विकल्यास बहुधा त्याहून अधिक मिळते. मात्र आरसी बुक खरेदीदाराच्या नावे झाल्याची खातरजमा करावी. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

थोडक्यात, शहरातल्या शहरात फिरणारी, पत्रा शाबूत असलेली गाडी दुरुस्त करण्यात शहाणपण आहे. महामार्गावर सतत धावणारी, एअरबॅग नसलेली गाडी इंजिन ठणठणीत असतानाच विकावी. तेव्हाच तिला भावही मिळतो. सर्वांत महागात पडतो तो तिसरा मार्ग : निर्णय लांबणीवर टाकत दर चार महिन्यांनी वीस-वीस हजारांची मलमपट्टी करीत राहणे.