सुरी उचलण्याआधी एक फोटो

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि पुढचे दोन-तीन महिने आपल्याकडे एकाच तक्रारीची शिंगरं येत राहतात. आदंत किंवा नुकतेच दोन दात झालेलं मारवाडी, अंगावर तुकतुकी, रंग पंचकल्याणी. मालक म्हणतो, "डॉक्टर, मागच्या पायात लचक भरलीय. चार दिवस बरं असतं, नाचवलं की परत धरतं." घेताना भोवरे बघण्यात अर्धा तास गेलेला असतो. शिंगरू गोलात दुडकं चालवून बघायला पाच मिनिटं कुणाला सापडलेली नसतात.

यावल भागात घोडा वरातीचा, नाचकामाचा नाहीतर हौसेचा. आपली रोजची प्रॅक्टिस गाय, म्हैस, बैल आणि शेळीची. बैलाची वाटी अडकते, पाय ताठ मागे राहतो, झटक्याने सुटतो; वाटीचा आतला बंध कापला की जनावर त्याच पावली चालू लागतं. ही शस्त्रक्रिया आपण डोळे मिटून करतो आणि घोडा समोर आला की नेमकं हेच नडतं. मलाही नडलं आहे. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या शिंगराचा बंध मी याच सवयीने कापला. आठवडाभर मालक खूश, मग लंगडणं पहिल्यासारखं. दोन महिन्यांनी फोटो काढला, तर मांडीच्या हाडाच्या आतल्या कोंडाइलमध्ये सुपारीएवढी काळी पोकळी. वाटीचा काही दोषच नव्हता.

या पोकळीला आपण सिस्ट म्हणतो, पण ती पाण्याने भरलेली साधी पुटी नव्हे. वाढत्या वयात सांध्याखालच्या कूर्चेचं हाड होत असतं. त्यात एखादा तुकडा कच्चा राहतो, किंवा मार बसून वरच्या पृष्ठभागाला चीर पडते. मग दर पावलाला सांध्यातला द्रव त्या चिरेतून आत रेटला जातो. पोकळीचं तंतुमय अस्तर सूज वाढवणारी द्रव्यं सोडतं आणि आजूबाजूचं हाड खात राहतं. म्हणून विश्रांतीत बरं आणि कामावर घेतलं की पुन्हा लंगडं, असा खेळ चालतो. नाचकामात शिंगरू मागच्या दोन पायांवर उभं करतात, म्हणजे सगळा भार याच सांध्यावर. दोन दातांच्या आधी हे शिकवणं मला मान्य नाही आणि मालकाला तसं तोंडावर सांगायला मी कचरत नाही.

तपासताना पाऊल आखूड पडतं का, खुराचं टोक घासतं का, दुखरा पाय आत ठेवून गोलात फिरवल्यावर लंगडणं वाढतं का, ते बघावं. वाटीचा आतला बंध आणि सांध्याच्या आतल्या बाजूचा बंध यांच्यामध्ये बोट दाबलं की फुगलेला सांधा लागतो. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. सांधा बधिर करून खात्री करायची असेल तर तासभर धीर धरावा, कारण दुखणं हाडाच्या आत असल्याने फरक उशिरा पडतो आणि बऱ्याचदा अर्धवटच. गोठ्यातल्या शेणाच्या हवेत सांध्यात सुई घालण्यापेक्षा मात्र ती न घातलेली बरी.

खरा निकाल फोटोच देतो, आणि तो बाजूने नव्हे, मागून पुढे घेतलेला. किरण साधारण 10 अंश वरून खाली, जोडीला मागून-बाहेरून तिरका आणि पाय दुमडून बाजूचा. नुसत्या बाजूच्या फोटोत सिस्ट सहज निसटते. लहान शिंगरात सुरुवातीला कोंडाइल जरासा चपटा दिसतो, एवढंच. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढावा. दोन्ही पायांचा काढावा, कारण दुखणं बऱ्याचदा जोडीने असतं. शिंगराची मांडी अजून भरलेली नसते, त्यामुळे फिरत्या मशिनवरही काम होतं. कॅसेट हाताने धरू नका, लांब दांड्याचा धारक वापरा. झायलाझिनचाही बैलाचा हिशोब इथे चालत नाही. घोड्याला किलोमागे त्याच्या साधारण दसपट लागतं, आणि कमी पडलं तर लाथ आपल्यालाच.

निदान झालं की मालकाशी खरं बोलायचं. सांध्यात दुर्बीण घालून पोकळी खरवडण्याचे निकाल 2005 साली प्रसिद्ध झाले: तीन वर्षांपर्यंतच्या घोड्यांत 64 टक्के चालीला आले, त्याहून मोठ्यांत 35 टक्के. दुर्बिणीखाली अस्तरातच स्टेरॉइड टोचलेल्या 52 घोड्यांपैकी 35 सुधारले, असं 2008 च्या अहवालात आहे. 2015 मध्ये कोंडाइलमधून आडवा स्क्रू घालण्याची पद्धत आली. 20 पैकी 15 घोड्यांचं लंगडणं गेलं. हे आकडे परदेशातल्या, शर्यतीच्या आणि स्वारीच्या घोड्यांचे. तरी वयाचा धडा आपल्यालाही लागू आहे. ज्याला चारशेहून अधिक किलोमीटर टेम्पोतून मुंबई-पुणे परवडतं, त्याने दोन दातांवरच जावं, सहा दातांची वाट बघू नये.

ज्याला परवडत नाही, तो बहुतेक आपलाच मालक. त्याच्यासाठी चार ते सहा महिने लहान आवारात विश्रांती, खुराक बेताचा, नाचकाम बंद, लागेल तेव्हा मेलॉक्सिकॅम. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक 2023 पासून; गिधाडं गेली ती मुख्यतः डायक्लोफेनॅकनेच. एवढं करून काही शिंगरं हलक्या कामाला येतात, फोटोतली पोकळी भरली नसली तरीही. डाग देण्याचा आग्रह झाला तर साफ नाही म्हणा. कातडी जळते, कोंडाइलला पत्ताही लागत नाही.

येत्या यात्रेनंतर जी शिंगरं तुमच्याकडे येतील, त्यांच्या दोन्ही पायांचे मागून पुढे घेतलेले फोटो आमच्याकडे पाठवा. मालकाचं नाव नको. दात किती, नाचकाम कुठल्या महिन्यात सुरू केलं आणि आपल्या आधी कुणी बंध कापला होता का, एवढं कळवलंत तरी पुरे.