शेणखताबरोबर बांधीत काय उतरते?

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. गोंदिया-भंडाऱ्याचा धान आजही अशा मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आधाराने पिकतो. पावसाळ्यात गावशिवाराचे पाणी तलावात येते आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, जातो. २०१७च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने या रिवाजाला सरकारी बळही दिले. या फेऱ्यात आता जनावरांची औषधे आणि पशुखाद्यातले धातूही शिरू शकतात. त्याची नियमित तपासणी होताना दिसत नाही, ही चिंतेची बाब आहे.

गाईम्हशींना देतात त्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचा बराच भाग शेणामुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. सल्फा औषधे पाण्याबरोबर सहज वाहतात. मातीत अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे काम यामुळे मंदावू शकते आणि औषधाला न जुमानणाऱ्यांना मोकळे रान मिळते. मातीला प्रतिजैविके अनोळखी नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिन मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून मिळाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेले हॅमायसिनही तसेच. पण खताबरोबर हंगामामागून हंगाम येणारी मात्रा ही मातीसाठी वेगळीच गोष्ट आहे.

आम्हाला अधिक काळजी धातूंची वाटते. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात तांबे आणि जस्त मिसळतात. त्यातले बहुतेक विष्ठेतून बाहेर येते. खत नीट तापून कुजले, तर टेट्रासायक्लिन बरेचसे विघटित होते. धातू मात्र तसाच राहतो आणि खताचे वजन घटते तसे त्याचे प्रमाण वाढते. शिवाय तांबे सोसण्याची आणि औषध सोसण्याची जनुके काही जिवाणूंत एकत्रच असतात. त्यामुळे औषध बंद केले, तरी साचलेले तांबे अशा जिवाणूंना टिकवून धरू शकते. जादा तांबे निळ्या-हिरव्या शेवाळालाही मारक आहे, आणि बांधीतल्या साचलेल्या पाण्यात हवेतला नत्र धरून ठेवणारे तेच.

युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६पासून थांबवले. भारताने २०१९मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. धातूंपुरते पाहिले, तर २०१५च्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे बारा घटक तपासतात; जस्त आणि तांबे त्यांत आहेत, पण ते पिकाला कमी पडतात का, हे पाहण्यासाठी. कमतरता खरीच असते आणि म्हणून शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतो. तेव्हा धातूला सरसकट शत्रू ठरवणे चूक होईल. कमी किती आणि जास्त किती, दोन्ही मोजायला हवे.

औषध दिलेल्या जनावराचे दूध ठरावीक दिवस वापरू नये, असे पशुवैद्यक सांगतात. त्या दिवसांतले शेणही वेगळ्या ढिगात पूर्ण कुजू द्यावे, हेही त्यांनी सांगावे. कोंबडीखताच्या पोत्यावर तांबे-जस्ताचे प्रमाण छापणे बंधनकारक व्हावे. आणि मामा तलावांचा गाळ वाटण्यापूर्वी, विशेषतः कुक्कुटपालनाच्या शेडजवळच्या तलावांतला, कृषी विभागाने तपासून त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा.