वही तिची, सही कुणाची?



धर्म घरात टिकतो तो बाईमुळे, असं सगळेच म्हणतात. पण तिला शास्त्र शिकवायचं का, असं विचारलं की सूर बदलतो. ज्यू समाजातल्या बायकांनी यातून वाट कशी काढली, ते आज सांगते.

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ तोरा. त्याचा पद्धतशीर अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांसाठीच होता. मुली आईचं बघून शिकायच्या, शब्बाथचे दिवे, स्वयंपाकघराचे नियम. पुढे पोलंडमधल्या क्राकूव्हसारख्या शहरांत मुली सरकारी शाळेत जाऊ लागल्या. बाहेरचं ज्ञान वाढलं, धर्माचं मात्र कुणी शिकवेना. मुली दुरावू लागल्या. हे ओळखलं सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईने. १९१७ मध्ये मोजक्या मुली घेऊन तिने वर्ग सुरू केला. त्यातूनच 'बेस याकोव्ह' शाळा उभ्या राहिल्या. मला विशेष वाटतं ते हे, की ती नुसतं शिकवून थांबली नाही. तिने शिक्षिका तयार केल्या आणि त्या तरुण मुलींना गावोगावी पाठवलं.

दुसरी गोष्ट जेरुसलेमची. ज्यू धर्मात मासिक पाळीसंबंधी बारीकसारीक नियम आहेत. शंका आली तर विचारायचं रब्बींना, म्हणजे पुरुषाला. कितीतरी जणी संकोचाने गप्प बसत, नाहीतर उगाच जास्तीचे दिवस पाळत. ही कुचंबणा तुम्हा-मला वेगळी सांगायला नको! चाना हेंकिन यांनी १९९० मध्ये 'निश्मत' ही संस्था काढली. तिथे १९९७ पासून या विषयात बायकांना सल्लागार म्हणून तयार करू लागले. दोन वर्षं शास्त्राचा कसून अभ्यास, जोडीला स्त्रीआरोग्याची माहिती. आता बायका बाईलाच विचारतात. अवघड प्रश्न सल्लागार रब्बींकडे नेते.

वाद मात्र मिटलेला नाही. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'येशिवात महारात' सुरू झाली. तिथे बायकांना धर्मगुरूच्या कामाचं पूर्ण शिक्षण मिळतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'ऑर्थोडॉक्स युनियन'ने सांगितलं, बायकांनी शिकवावं, सल्ला द्यावा, पण धर्मगुरूचं पद नको.

मी कॉमर्सवाली, मला हे हिशेबाच्या भाषेत कळतं. वही तिने लिहायची, ताळा तिने जुळवायचा आणि सही दुसऱ्याने करायची, हे किती दिवस चालणार? परंपरा जपायची म्हणून पद नको, हे म्हणणं मी समजू शकते. पण जिला आपण शिकवलं, जिच्या शब्दावर घरं चालतात, तिला निर्णयाच्या बैठकीत खुर्ची नको?

माझ्या मते क्रम असा असावा: आधी शिक्षण, मग जबाबदारी, आणि जबाबदारी दिली की अधिकारही. शिक्षणाशिवाय पद पोकळ, हे खरं. पण अधिकाराशिवाय शिक्षण म्हणजे तिजोरी तिच्या घरात आणि किल्ली शेजारी.