सुट्या भागांची शेकोटी

सदर : वस्तूंच्या पोटात

दोस्तांनो, मागच्या अंकात आपण कुलपाच्या पोटात डोकावलो होतो. या वेळची वस्तू तुमच्यापैकी पुष्कळांनी सिनेमात किंवा चित्रात पाहिली असेल. युरोप-अमेरिकेतलं एखादं शहर. कडाक्याची थंडी पडलीय. तरी हॉटेलाबाहेर, अगदी उघड्यावर, मंडळी खुशाल कॉफी पीत बसलीयत! त्यांच्या मधोमध पुरुषभर उंचीपेक्षाही उंच असा एक खांब उभा आहे. खांबाच्या वरच्या टोकाला लालबुंद जाळी आणि जाळीच्या डोक्यावर परात उपडी ठेवावी तशी चकचकीत टोपी. लांबून पाहिलं तर वाटतं, लोखंडाची कुत्र्याची छत्रीच उगवलीय!

याला म्हणतात पॅटिओ हीटर. पॅटिओ म्हणजे घराला लागून असलेलं फरसबंद अंगण. तेव्हा आपल्या भाषेत ही झाली अंगणातली शेगडी.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे एवढी थंडी कुठे पडते? आम्हाला काय करायचीय ही शेगडी?" थांबा जरा! गंमत पुढेच आहे. ही सात फुटी शेगडी दुकानातून एका खोक्यात येते. सुटी सुटी. ती जोडतो कोण? ज्याने तिचं पोट आयुष्यात कधी पाहिलेलं नाही असा कुणीतरी माणूस. खुर्ची जोडताना चूक झाली तर खुर्ची डुगडुगते. इथे मात्र गॅस आहे आणि आग आहे. मग ही वस्तू तयार करणाऱ्याने, म्हणजे डिझायनरने, काय काय विचार करायला हवा?

हवा नव्हे, माणूस तापतो

आधी ही शेगडी चालते कशी ते पाहू. हुरडा खायला गेलात की रात्री शेकोटीभोवती बसता ना? तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. असं का होतं? शेकोटीची ऊब मुख्यतः किरणांच्या रूपाने तुमच्यापर्यंत येते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते सरळ रेषेत येतात, ज्या अंगावर पडतात ते अंग तापवतात.

उघड्यावर हवा तापवण्यात काही अर्थ नसतो. वाऱ्याची एक झुळूक आली की गरम हवा गेली भुर्रकन! म्हणून पॅटिओ हीटरमध्ये गॅसची ज्योत आधी एका पोलादी जाळीला लाल होईपर्यंत तापवते. जाळीतून किरण निघतात आणि वरची ॲल्युमिनियमची टोपी ते खाली, माणसांकडे वळवते. म्हणून ती टोपी चकचकीत हवी आणि म्हणूनच ती उपड्या परातीसारखी असते.

खोक्यात मावायचं कसं?

आता डिझायनरची डोकेदुखी सुरू होते. खांब उंच. टोपी सुमारे ऐंशी सेंटिमीटर रुंद. खाली सिलिंडर ठेवायचं घर. ही सगळी वस्तू जोडलेलीच पाठवायची म्हटलं तर एका टेम्पोत चार-पाच शेगड्या मावतील आणि उरलेला टेम्पो हवेने भरलेला असेल. भाडं मात्र पूर्ण टेम्पोचं!

हा प्रश्न जुनाच आहे. १८५९ साली व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी लाकूड वाफेवर वाकवून एक खुर्ची तयार केली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, संपली खुर्ची! असे सुटे तुकडे नीट रचले की एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. त्या पेट्या जहाजाने दूरदूरच्या देशांत जात आणि खुर्च्या तिथे पोचल्यावर जोडल्या जात.

पॅटिओ हीटरच्या डिझायनरनेही हेच केलं. खांबाचे दोन तुकडे केले. पोळीचे चतकोर करावेत तसे टोपीचे तीन-चार तुकडे केले. पत्रावळी जशा एकीत एक बसतात, तसे हे तुकडे एकावर एक बसतात.

आणि वजनाचं काय? शेगडी उंच, डोक्यावर टोपी, वारा लागला की डोलणार. कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली तुम्ही जत्रेत पाहिलीय ना? तिचं सगळं वजन तळाशी असतं. शेगडीचाही तळ जड हवा. पण तळ जड केला तर उचलायला त्रास. यावर तोडगा काय काढला असेल? करा बरं विचार!

काही शेगड्यांच्या तळात पोकळ टाकी असते. प्रवासात ती रिकामी. शेगडी जागेवर उभी केली की टाकीत पाणी किंवा वाळू भरायची. म्हणजे प्रवासात हलकी आणि जागेवर जड! शिवाय गॅसचा सिलिंडरही तळाशीच ठेवतात, त्याचंही वजन कामी येतं. शेगडी सरकवायला एका बाजूला दोन चाकं असतात.

काय सुटं करायचं आणि काय नाही?

पण दोस्तांनो, प्रत्येक तुकड्याची एक किंमत असते. एक तुकडा वाढला की एक जोड वाढतो. एक जोड वाढला की चुकायची एक जागा वाढते. म्हणजे खोकं लहान करायला जावं तर जोडणाऱ्याचं काम अवघड होणार!

म्हणून चांगला डिझायनर जोडांची दोन गटांत वाटणी करतो. पत्रा, खांब, चाकं, टोपी यांचे जोड अनोळखी माणसाच्या हाती सोपवायला हरकत नाही. त्यात चूक झाली तर दिसते आणि सुधारताही येते. पण ज्योत पेटते तो बर्नर, गॅसची झडप आणि सुरक्षेची यंत्रणा यांना हात लावायचा नाही. हे सगळं कारखान्यातच जोडून, तपासून, एकसंध पाठवायचं. गॅसची नळी खांबाच्या पोटातून खाली येते आणि घरच्या माणसाने गॅसचा जोड करायचा तो बहुतेक एकच, सिलिंडरशी. तोही साबणाच्या पाण्याने तपासायचा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. काडी पेटवून कधीच बघायचं नाही! हे काम अर्थातच मोठ्यांचं.

वेंधळा कोण?

उरलेले जोड तरी नीट होतील याची खात्री काय? इथे एक जपानी गोष्ट सांगतो.

१९६१ साली शिगेओ शिंगो नावाचे एक इंजिनिअर एका विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात गेले. तिथे एक बटण जोडायचं काम चाले. बटणाखाली दोन चिमुकल्या स्प्रिंगा बसवायच्या असत. कधीकधी कामगार एक स्प्रिंग घालायला विसरत. साहेब रागावत, कामगार माफी मागत, चार दिवस बरे जात, पुन्हा तेच. शिंगोंनी रागावणं बंद केलं आणि एक बशी आणली. काम सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवायच्या. बटण जोडून झालं आणि बशीत स्प्रिंग उरली, तर? तर चूक लगेच डोळ्यांसमोर! इतका साधा उपाय.

अशा युक्त्यांना आधी जपानीत 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खांपासून बचाव, असा त्याचा अर्थ. पुढे एका कारखान्यात हा शब्द ऐकून काम करणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला मूर्ख समजतात, हे तिच्या मनाला लागलं. शिंगोंना ते पटलं. त्यांनी शब्द बदलला आणि 'पोका-योके' केला. पोका म्हणजे नजरचूक. ती कुणाच्याही हातून होते, हुशार माणसाच्यासुद्धा.

आई-बाबांनो, ही गोष्ट तुमच्यासाठीही आहे बरं का. मुलाच्या हातून डबा सांडला की आपण पटकन 'वेंधळा' म्हणतो. एकदा त्या डब्याचं झाकणही बघायला हवं!

पॅटिओ हीटरमध्ये ही युक्ती कशी वापरतात? टोपीच्या तुकड्यांची भोकं मुद्दाम कमीजास्त अंतरावर पाडली, की तुकडा उलटा धरला तर बसतच नाही. सगळीकडे एकाच मापाचे स्क्रू ठेवले, की भलत्या जागी भलता स्क्रू जायचा प्रश्नच मिटला. काही ठिकाणी दोन कान असलेले नट देतात, ते नुसत्या बोटांनी फिरतात, पान्हा शोधायला नको.

तुमच्या आजूबाजूलाही पोका-योके आहेत. तीन पिनांच्या प्लगची एक पिन जाड आणि लांब असते, म्हणून तो एकाच पद्धतीने बसतो. मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो. आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर वाफ कोंडलेली असेपर्यंत उघडत नाही, कारण वाफच झाकण घट्ट धरून ठेवते. गॅस वेल्डिंगच्या दुकानावरून जाल तेव्हा लांबूनच बघा. ऑक्सिजनचा नट नेहमीसारखा सुलटा फिरतो, ॲसिटिलीनचा उलटा आणि त्याच्या कडांवर खाचा असतात. घाईगर्दीतही एकाची नळी दुसऱ्याला लागणार नाही!

आणि एवढं करूनही काही बिघडलंच तर? शेगडी वाऱ्याने कलंडली तर आतला एक खटका गॅस बंद करतो. ज्योत विझली तर? ज्योतीजवळ दोन वेगळ्या धातूंची एक छोटी कांडी असते. ती गरम असते तोवर तिच्यातून किंचित वीज वाहते आणि त्या विजेवर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, कांडी थंड झाली, वीज थांबली, चुंबक सुटला, झडप बंद! कुणी बटण दाबायची गरजच नाही.

हिवाळा संपल्यावर

थंडी सरली की शेगडी पुन्हा सुटी करून ठेवायची. पण सिलिंडर तिच्याबरोबर घरात किंवा तळघरात ठेवायचा नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा आणि मोकळ्या हवेत.

साठवलेल्या शेगडीला आणखी एक शत्रू असतो, कोळी! बर्नरच्या बारीक नळ्यांत तो जाळं विणून बसतो आणि मग ज्योत नीट पेटत नाही. म्हणून पुढच्या हिवाळ्यात पेटवण्याआधी नळ्या साफ करायच्या. डिझायनरने तिथे सहज हात पोचेल अशी सोय ठेवलेली असली तर बरंच.

खर्चाचा हिशेब

आता जरा गणित करू. मोठी शेगडी पूर्ण पेटवली तर ती सुमारे तेरा किलोवॉट उष्णता देते. म्हणजे दोन किलोवॉटचे सहा गीझर एकदम चालू! त्यासाठी तासाला साधारण एक किलो गॅस लागतो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे महिनाभर स्वयंपाक करणारा सिलिंडर जेमतेम चौदा तासांत संपेल. आणि त्यातली पुष्कळशी ऊब आकाशात जाणार.

२०२० च्या हिवाळ्यात, कोविडमुळे हॉटेलांना गिऱ्हाइकं आत बसवता येईनात, तेव्हा अमेरिकेत या शेगड्यांना खूप मागणी आली. उलट फ्रान्सने २०२२ च्या मार्चअखेरपासून हॉटेलांबाहेरच्या उघड्या जागेत अशा शेगड्या वापरायला बंदी केली. वस्तू कितीही हुशारीने जोडता-सोडता आली, तरी 'ती हवीच का?' हा प्रश्न उरतोच. तुम्हाला काय वाटतं, लिहून कळवा.

आणि एक गोष्ट मनात पक्की कोरून ठेवा. अंगणातली शेगडी अंगणातच! गॅस असो की कोळसा, बंद खोलीत जळायला लागला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपल्याने माणसं दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. इथे कुठलंच पोका-योके कामाला येत नाही. ते आपल्या डोक्यातच हवं.

करून पाहा

एक बॉलपेन घ्या. रिफिल, स्प्रिंग, टोपण, सगळं सुटं करा. आता ते कसं जोडायचं याची चित्रं काढा. एकही शब्द लिहायचा नाही! ती चित्रं आणि पेनाचे भाग धाकट्या भावाला, बहिणीला किंवा आजीला द्या. तुम्ही शेजारी गप्प बसा. 'अगं, तसं नव्हे' असं म्हणायला जीभ शिवशिवेल, पण बोलायचं नाही. फक्त ते कुठे अडतात, ते टिपून ठेवा.

जिथे ते अडले, तिथे चूक त्यांची नसेल, तुमच्या चित्राची असेल. चित्र सुधारा आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या. तीन वेळा असं केलंत, की तुम्ही डिझायनरच झालात असं समजा!

जाता जाता एक कोडं. तुमच्या दप्तरात एक वस्तू अशी शोधा की जी उलटी बसूच शकत नाही आणि एक अशी की जी हमखास उलटी बसते. दुसरीला पहिलीसारखी कशी करता येईल? उत्तरं पोस्टकार्डावर, चित्रासह पाठवा. निवडक उत्तरांचं पुढे आपण याच पानावर वाचन करू.

पुढच्या आठवड्यात छत्रीच्या पोटात शिरू. तोवर अच्छा!

तुमचा,
काका