लावणीतली 'मी' कोण?

गीताचा अर्थ लावताना आपण प्रथम कवीकडे धाव घेतो. लावणीपाशी ही सवय फसते, असे आम्हांला वाटते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या लावण्यांतली 'मी' मात्र बहुधा स्त्री, आणि फडावर ती उच्चारली पवळाबाईंनी. मग अर्थ कोणाचा धरायचा?

वर्गात दोन पळवाटा सापडतात. एक, शृंगारिक म्हणून लावणी वगळणे. दुसरी, जीवाशिवाचे रूपक काढून तिला सोवळे नेसवणे. भेदिक लावणीत अध्यात्म आहेच. तेथे कलगीवाले शक्तीचा, तुरेवाले शिवाचा पक्ष घेऊन कूट घालतात आणि उकलतात. पण प्रत्येक लावणी भेदिक नसते.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्री यात्रांच्या तोंडावर गावोगावचे कारभारी येथे येऊन फडांना सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (मृत्यू २००२) येथल्याच परंपरेतल्या. सुपारीवर पोट असलेली स्त्री प्रियकराकडे शालू मागते, तेव्हा तो समोरच्या प्रेक्षकाशी चाललेला व्यवहारही असतो आणि त्या व्यवहाराची थट्टाही. छापील ओळीत हे दिसत नाही. जोर कोणत्या शब्दावर पडला, दौलतजादा करणाऱ्याकडे पाहून कोणती ओळ पुन्हा म्हटली, यात ते असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी कवीचे चरित्र उघडण्याआधी विचारावे : ही ओळ कोण, कोणासमोर, कोणत्या मोबदल्यात म्हणते आहे? हे न विचारता केलेल्या रसग्रहणातून गाणारी बाईच वगळली जाते.