रक्त थांबलं म्हणजे संपलं नाही

भाद्रपद म्हटला की आम्हा लालबागकरांना गणपती आठवतात. त्याच महिन्यावरून कुत्र्यांबद्दलही एक बोलणं आहे, ते मी वर्गात कधी उच्चारलं नाही. बाईंनी असले विषय काढायचे नसतात ना! आज सत्तरी ओलांडल्यावर काढते आहे, कारण त्या संकोचाची किंमत आमच्या सोनीनं मोजली.

आमच्या घरी तीन कुत्रे. बंड्या, काळू आणि त्यांची बहीण सोनी. नातवानं रस्त्यावरून उचलून आणलेली एकाच वेतातली भावंडं. सोनी सहा महिन्यांची असताना डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. घरात सभा भरली. "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला!" इति चार जवळचे नातेवाईक. झालं, विषय बारगळला.

आठव्या महिन्यात सोनी माजावर आली. फरशीवर थेंब दिसले. "पाळी आलीय तिची," सूनबाई हळूच म्हणाली. चिरंजीवांनी पेपर आणखी वर धरला. आम्ही तिला आतल्या खोलीत कोंडलं. बाहेर दोघे भाऊ जेवण सोडून दाराशी रडत बसले, मग एकमेकांचे कान फाडले. नऊ-दहा दिवसांनी रक्त फिकं झालं. सुटलो, म्हणून आम्ही दार उघडलं. दोन महिन्यांनी पाच पिल्लं. बाप सख्खा भाऊ; बंड्या की काळू, ते त्यांनाच ठाऊक.

चूक त्या "पाळी" शब्दातच आहे. बाईला रक्त जातं ते गर्भ राहिला नाही म्हणून. कुत्रीला जातं ते गर्भ राहण्याचे दिवस जवळ आले म्हणून. पहिला आठवडा-दीड आठवडा ती नराला जवळ येऊ देत नाही. रक्त फिकं झालं की स्वतःच शेपूट बाजूला घेते. म्हणजे आपण दार उघडतो नेमके तेव्हाच खरे दिवस सुरू होतात! हे सगळं साधारण तीन आठवडे चालतं आणि सहाएक महिन्यांनी पुन्हा येतं. तिला भाद्रपदच लागतो असं नाही.

"पण ऑपरेशन म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध," असं कुणी म्हणेलच. अहो, तीन खोल्यांत बहीण-भावांना एकत्र ठेवणं हा कुठला निसर्ग? एकदा वेत झाल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात वय वाढल्यावर पू होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. शिवाय पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकाची, हे 2001 च्या नियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या नियमांतही आहे.

ज्यांच्या घरी नर-मादी एकत्र आहेत त्यांनी एवढं करावं. ऐन माजात डॉक्टर सहसा ऑपरेशन करत नाहीत, कारण रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिने थांबतात. तोवर पूर्ण तीन आठवडे मध्ये एक नव्हे, दोन बंद दारं ठेवा. जमलं तर नराला नातेवाइकांकडे पाठवा. चड्डी बांधल्यानं फरशी वाचते, कुत्री नाही. नराचं ऑपरेशन झालं तरी पुढचे काही आठवडे त्याच्यावर विसंबू नका. आणि तिला मारू नका, "निर्लज्ज" म्हणू नका. लाज आपली, शिक्षा तिला, हा कुठला न्याय?

पिल्लांचं दूध तुटल्यावर सोनीला आम्ही परळच्या बैलघोड्यात नेलं. आता ती ठीक आहे. पाचातली दोन पिल्लं जगली नाहीत. उरलेल्या तिघांसाठी मी त्या चार नातेवाइकांना फोन केले, "आई होऊ दे" म्हणणाऱ्या.

एकानंही पिल्लू नेलं नाही. ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून लिहिलं. असो.