‘स्थलांतर यशस्वी’, पण मजकूर कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मी एका शिक्षण संस्थेची वेबसाईट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली. पैशासाठी नव्हे. त्या संस्थेच्या शाळेत मी शिकलो, तिथूनच इंजिनिअरिंगपर्यंत पोचलो. होस्टिंगचा दर पहिल्या वर्षी स्वस्त होता, नूतनीकरणाच्या वेळी तो कितीतरी वाढला, म्हणून विश्वस्तांनी दुसरी जागा बघायला सांगितले. मी एक तयार टूल घेतले आणि बटण दाबले. हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली आणि ‘स्थलांतर यशस्वी’ असा संदेश आला. मी निवांत झोपलो.

सकाळी आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेचा इतिहास, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, गावात पहिल्यांदा मॅट्रिक झालेल्या मुलींच्या मुलाखती, हे सगळे सरांनी एका बोटाने टाइप करून साईटवर चढवले होते. ते म्हणाले, “बेटा, फोटो दिसतात, पण लिहिलेलं काहीच वाचता येत नाही. माझ्या मोबाईललाच काही झालंय का?”

मोबाईल ठीक होता. साईटवर मराठीच्या जागी रोमन ‘ए’वर तिरकी रेघ आणि त्याला लागून परकीय चलनाचे चिन्ह, अशी रांगच्या रांग लागली होती. प्रकार अनेकांनी पाहिला असेल, कारण फार कमी जणांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारे तक्ते असतात. ‘यूटीएफ-८’ या तक्त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट घेते. ‘लॅटिन-१’ या जुन्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत, आपण दुसरे काही सांगितले नाही तर, लॅटिन-१ हाच तक्ता धरला जाई आणि त्याच्यासोबत वर्णक्रम यायचा तो स्वीडिश! आपल्या संस्थांच्या अनेक जुन्या साईट अशाच उभ्या राहिल्या. मराठी चुकीच्या खोक्यात ठेवली जायची आणि त्याच चुकीने बाहेर काढली जायची, त्यामुळे पडद्यावर सगळे बरोबर दिसे. माझ्या टूलने खोक्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि मराठीचे ‘भाषांतर’ लॅटिनमधून यूटीएफमध्ये करून टाकले.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. इंग्रजीची साधी अक्षरे दोन्ही तक्त्यांत सारखीच आहेत. म्हणजे इंग्रजी साईटवर हीच चूक झाली तरी ती जवळपास दिसतच नाही. टूल बनवणाऱ्याने इंग्रजी साईट हलवून पाहिली की त्याच्या दृष्टीने काम फत्ते. आपली लिपी त्याच्या चाचणीत नसते, आणि म्हणून ‘यशस्वी’ या शब्दात आपला मजकूर मोजलेला नसतो. किती फाईल गेल्या हे टूल मोजते. वाचता येते का, हे ते विचारत नाही.

लिंकचेही तेच. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा असते. इंग्रजी अक्षर त्यात एक जागा घेते, देवनागरी अक्षर सांकेतिक रूपात ९. बावीस अक्षरे-मात्रा झाल्या की पत्ता तुटतो. हलवाहलवीत असे तुटके पत्ते थोडे जरी बदलले, तरी व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरलेल्या लिंक मरतात. शिवाय वर्डप्रेस काही सेटिंगच्या शेजारी मजकुराची लांबी लिहून ठेवते. जुन्या डोमेनच्या जागी नवे नाव सरसकट बदलले की लांबी जुळत नाही आणि ते सेटिंग मुकाट्याने गळून पडते.

माझे नशीब असे की जुन्या सर्व्हरची मुदत संपायला अजून नऊ दिवस होते. मी डेटाबेस पुन्हा उतरवला, या वेळी बाइट जसेच्या तसे ठेवून, आणि नव्या जागी तो यूटीएफ म्हणून वाचायला लावला. मराठी परतली. मधल्या उर्दू ओळीही परतल्या.

पण ११ मुलाखती परतल्या नाहीत. तिथे विचित्र चिन्हे नव्हती, नुसती प्रश्नचिन्हे होती. हा फरक लक्षात ठेवा. विचित्र चिन्हांच्या मागे मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर तक्त्यात बसले नाही म्हणून डेटाबेसने ते फेकून दिले. ही चूक माझ्या टूलची नव्हती. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी साईट हलवली, तेव्हाच ती झाली होती. तेव्हाही ‘यशस्वी’ असेच आले असणार. पाच वर्षांत ती पाने कुणी उघडली नाहीत आणि जुना सर्व्हर केव्हाच बंद झाला. मुलाखत दिलेल्या दोघी आता हयात नाहीत. सरांना हे सांगताना मला शब्द सापडत नव्हते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केले की सर्व्हर स्थलांतरात वापरकर्त्यांची अनेक वर्षांची गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. त्यांच्याकडे पैसा आणि माणसे होती. आपल्या संस्थांकडे एक हौशी मुलगा आणि एक फुकटचे टूल असते.

म्हणून मित्रांनो, टूलवर चिडून थांबू नका. तुमच्या गावातील संस्था, वाचनालय, मंडळ यांची साईट कुणाच्या हातात आहे ते आजच विचारा. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर हवे, सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या नव्हे. साईट हलवण्याआधी सर्वांत जुनी दहा पाने निवडा, जोडाक्षरे असलेली, उर्दू असलेली, लांब शीर्षकाची. हलवल्यावर तीच दहा पाने मराठी वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. जुने खाते निदान महिनाभर बंद करू नका. आणि मजकुराची एक साधी प्रत साईटबाहेर ठेवा, पेनड्राइव्हवर, शक्य तर कागदावरही.

आपल्या समाजाचा इतिहास कुणी लिहिला नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. इथे तो लिहिलेला होता. एका वृद्ध शिक्षकाने एका बोटाने लिहिला होता. तो जपणे आपल्या पिढीचे काम होते, कारण संगणक आपल्याला येतो.

सरांनी आता त्या ११ घरांची यादी काढली आहे. नऊ जणींकडे पुन्हा जायचे आहे. या वेळी रेकॉर्डर घेऊन मीही सोबत जाणार आहे.